सवय म्हणजे संमती नव्हे



पंचशीलातील पहिले शील आपण नित्य ग्रहण करतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचा तो संकल्प आहे. तो उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा जत्रेत कापला जाणारा बोकड येतो. ती प्रथा आपण सोडली. परंतु जेथे कोणी नवस फेडायला आलेला नाही, जेथे हेतू ज्ञानाचा आहे, तेथे या शीलाचा अर्थ काय करायचा? प्रयोगशाळेत जाग्या प्राण्याच्या मेंदूची चित्रे घेतात, त्या प्रयोगांचा आज आपण विचार करू. हा परदेशातील शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे म्हणू नका. अशा संशोधनातून पुढे येणारी औषधे आपणही घेतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक जाते. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. हा फरक एम.आर.आय. यंत्राने टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत भूल दिलेल्या उंदरांवर दाखविले. १९९२ पासून माणसाच्या मेंदूचीही अशी चित्रे निघू लागली. कवटी न उघडता मेंदूचे काम पाहता आले, ही विज्ञानाची मोठी कमाई होय.

पण एक अडचण राहिली. भूल दिली की मेंदूचे काम बदलते, रक्तप्रवाहही बदलतो. भूल न द्यावी तर प्राणी हलतो, आणि किंचित हालचालीनेही चित्र बिघडते. म्हणून उंदराला नळीसारख्या साच्यात ठेवून त्याचे डोके पक्के धरतात. पुष्कळ प्रयोगांत शस्त्रक्रिया करून कवटीवर खुंटी बसवितात आणि तिने डोके जखडतात. माकडांवरही असे प्रयोग होतात. यंत्राचा आवाज कर्कश असतो. त्यासाठी प्राण्याला आधी काही दिवस थोडा थोडा वेळ साच्यात ठेवून ‘सवय’ लावतात. पहिल्या दिवशी उंदराचे हृदय जोराने धडधडते, श्वास वाढतो, भीतीच्या वेळी रक्तात उतरणारी द्रव्ये वाढतात. पुढे ती पुष्कळ अंशी कमी होतात. तेव्हा म्हणतात, प्राणी आता शांत झाला.

वाचकहो, येथे थोडे थांबा. शांत झाला, म्हणजे काय झाले? त्याची भीती गेली, की सुटका नाही हे त्याला कळले? रक्त तपासून भीती उतरल्याचे कळेल. पण त्याने होकार दिला, असे त्यावरून म्हणता येणार नाही. हा भेद आपल्याइतका कोणाला कळावा? आपले आजोबा-पणजोबा गावकुसाबाहेर निमूटपणे राहिले, तेव्हा ‘त्यांना सवय आहे, ते समाधानी आहेत’ असेच सांगितले जात होते. सवय म्हणजे संमती नव्हे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगून शिकलो.

यावर कोणी रागाने विचारील, ‘महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आम्हाला बंदी होती. आता जनावरांची दया तुम्ही आम्हालाच शिकवता?’ हा राग खरा आहे. जो मुंग्यांना साखर घालतो आणि माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करतो, त्याची अहिंसा ढोंग आहे. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा लढा गुरांशी नव्हता. गुरांना हाकला, अशी आपली मागणी नव्हती. माणसाला माणसाचा हक्क मिळावा म्हणून मुक्या जिवाचे दुःख कमी लेखावे लागत नाही.

मग असे सर्व प्रयोग बंद करावेत काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, अशी त्यांची मांडणी आहे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते. पण मोकळीक म्हणजे सूट नव्हे. ‘गरज आहे’ असे म्हणणाऱ्याने ती गरज सिद्ध केली पाहिजे.

ती कशी तपासावी? १९५९ साली इंग्लंडमधील रसेल आणि बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी तीन कसोट्या मांडल्या. प्राण्याऐवजी दुसरा मार्ग आहे का? प्राण्यांची संख्या कमी करता येईल का? वेदना कमी करता येतील का? मेंदूच्या चित्रांपुरते पाहिले तर पहिली कसोटी फार महत्त्वाची आहे. हेच यंत्र माणसावर सुरक्षितपणे वापरता येते, आणि माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो. ज्या प्रश्नाचे उत्तर राजीखुशीने आलेला माणूस देऊ शकतो, त्यासाठी माकडाचे डोके जखडणे ही गरज नव्हे, सोय आहे. एखाद्या असाध्य रोगावरील नव्या औषधाचा परिणाम पाहायचा असेल, तर प्रश्न अधिक कठीण होतो. तेथे मी झटकन निकाल देणार नाही, तुम्हीही देऊ नका.

दुसरी वाटही निघाली आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना हनुवटी टेकवून यंत्रात स्थिर राहायला शिकविले. बांधले नाही, भूल दिली नाही. कानांना आवाजापासून संरक्षण दिले. वाटेल तेव्हा उठून जाण्याची मोकळीक ठेवली. मालकाकडून संमतिपत्र घेतले, तेही लहान मुलांच्या संमतिपत्राच्या धर्तीवर. खाऊ मिळणार अशी हाताची खूण दिसताच कुत्र्याच्या मेंदूतील आनंदाच्या अपेक्षेशी संबंधित भाग जागा होतो, असे त्यांना आढळले. ते संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्राण्याला असे शिकविता येणार नाही, हे खरे. पण संयम ठेवला तर काही वेळा साखळीवाचूनही ज्ञान मिळते, एवढे सिद्ध झाले.

यातील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही चित्रे जसजशी स्पष्ट होत आहेत, तसतसे प्राण्याला काहीच जाणवत नाही असे म्हणणे अशक्य होत आहे. ज्या प्रयोगाने त्याची भीती आपल्याला दाखविली, त्याच प्रयोगाने आपली जबाबदारी वाढविली. पूर्वी अज्ञानाची सबब होती, ती आता उरली नाही.

तुमच्या घरातील मुले-मुली विज्ञान शिकत आहेत. उद्या त्यांतील कोणी प्रयोगशाळेत उभे राहील. त्यांना विज्ञानाची भीती घालू नका. प्रज्ञेवाचून धम्म नाही. मात्र हे जरूर शिकवा की, समोरचा जीव ‘नाही’ म्हणू शकत नसेल, तर त्याच्या वतीने तो प्रश्न स्वतःला विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत हात आवरावा.