भट्टीतले मडके आणि जुनी सायकल

1970 ते 1985 च्या सुमारास इटलीत, फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये हाताने जोडलेल्या पोलादी रेसिंग सायकली आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा भंगारात जातात. काहींना दुसरा जन्म मिळतो. गिअरचे खटके, साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा पुढचा-मागचा डिरेलर, पाच-सहा चकत्यांचे फ्रीव्हील, वायरी असे सगळे उतरवतात. जुना रंग काढून नवा चढवतात. मागच्या चाकाला मग एकच चकती बसते. ती हबच्या आट्यांवर घट्ट पिळलेली असते आणि वरून उलट्या आट्यांच्या रिंगने जखडलेली असते. त्यामुळे चाक फिरतेय तोवर पॅडल फिरणारच. उतारावर पाय थांबवून निवांत घरंगळायची सोय संपली. याला फिक्स्ड गिअर म्हणतात. मूळचे म्हणावे असे अखेर काय उरते? काही नळ्या, त्यांचे सांधे आणि पुढचा फोर्क. तरीही मालक छातीठोकपणे सांगतो की ही तीच सायकल आहे, फक्त नव्याने उभी केली आहे. हे त्याचे म्हणणे खरे मानायचे का? प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण नैयायिक, वैशेषिक आणि बौद्ध या दर्शनांच्या पंडितांनी शतकानुशतके ज्यावर एकमेकांची डोकी खाल्ली तो प्रश्न हाच, आणि त्यातला एक वाद तर चक्क रंगाचा आहे.

कुंभाराचे कच्चे मडके भट्टीत जाते तेव्हा काळपट असते आणि बाहेर येते तेव्हा लाल. आता आत गेलेले आणि बाहेर आलेले मडके एकच का? वैशेषिक म्हणतात, नाही. आगीच्या धगीने मडक्याचे परमाणू सुटे होतात, कच्चे मडके नाश पावते, सुट्या परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून नवे मडके तयार होते. हा पीलुपाकवाद, पीलू म्हणजे परमाणू. या उलथापालथीला किती क्षण लागतात, नऊ, दहा की अकरा, याचाही हिशेब त्यांनी मांडून ठेवला आहे. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांचा पिठरपाकवाद सांगतो की मडके सच्छिद्र असते, धग आतपर्यंत पोचते आणि अख्ख्या मडक्याचाच रंग बदलतो. त्यांचे पुरावे मोठे घरगुती आहेत. भट्टीत मडक्यावर मडके रचलेले असते. खालचे विरघळले असते तर वरचे कोसळले नसते का? भोकातून डोकावले तर मडके जागच्या जागी दिसते. घातली तेवढीच निघतात, त्याच आकाराची निघतात. क्षण इतके बारीक असतात की मोडतोड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, या वैशेषिकांच्या उत्तराला तर्क म्हणून दाद द्यावी, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. जी घटना घडली तरी काही फरक पडत नाही आणि न घडली तरी पडत नाही, ती मानायची कशासाठी?

सायकलीच्या बाबतीत हा वाद नुसत्या उपमेपुरता राहत नाही. आजकाल फ्रेमला पावडर कोटिंग करतात, तेव्हा ती खरोखरच भट्टीत जाते. तिथे साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस तापमान असते. नळ्यांचे सांधे पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडलेले असतात आणि ते वितळायला सहाशे-सातशे ते नऊशे अंश लागतात. म्हणजे रंग वितळून एकजीव होतो आणि सांधा जागचा हलत नाही. इथे नैयायिक जिंकतात. शिवाय रेसिंगच्या जगात रंगाला फारशी निष्ठा कधीच नव्हती: एका कारागिराने जोडलेल्या फ्रेमवर भलत्याच कंपनीचे नाव रंगवून ती शर्यतीत उतरवणे त्या काळी सर्रास चाले. आपल्याकडेही वेगळे नाही. 2022 साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरची शेंदराची पुटे उतरवली आणि आतले कोरीव रूप समोर आले. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत बसलेले रूप पालटले, तरी ही दुसरीच देवी आहे असे म्हणून कुणी गड चढायचा थांबला नाही.

यावर जतनशास्त्राचे अभ्यासक अडवतील, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. ते म्हणतील, जुना रंग हा कागदपत्रासारखा असतो. हँडल फिरून आडव्या नळीवर उठलेला ओरखडा, खटक्याच्या पट्टीखाली उन्हाने न विटलेला मूळ रंगाचा पट्टा, बाटलीच्या पिंजऱ्याने घासलेली जागा ही सगळी त्या सायकलीची साक्ष आहे. ती पुसून तुम्ही वस्तू राखली, पण तिचा इतिहास घालवला. हे मान्य करायलाच हवे. फक्त यातून सिद्ध काय होते तेही पाहावे. साक्षीदार गेला की खटला कमकुवत होतो. ज्याच्यावर खटला आहे तो माणूस बदलत नाही. रंगकामात वस्तूलाच धक्का लागतो तो भलत्या ठिकाणी. कोलंबस एसएलसारख्या त्या काळच्या नामांकित नळीची जाडी टोकांना 0.9 मिलिमीटर आणि मधल्या भागात अवघी 0.6 मिलिमीटर असते. गंज काढायला जाड वाळूचा जोरदार मारा केला तर रंगाबरोबर पोलादही झिजते. पावडरचा जाड थर दिला तर सांध्यांच्या कानशीने घासून काढलेल्या कडा बुजतात आणि पॅडलच्या आसाच्या कवचाखाली ठोकलेला फ्रेमचा क्रमांक वाचता येत नाही. रंग बदलल्याने वस्तू बदलत नाही हे खरे, पण रंग लावणाऱ्याचा हात वस्तूपर्यंत पोचू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो म्हणतो, रंगाचे सोडा, तुम्ही तिचा धर्मच बदलला. ही सायकल घाट चढायला आणि सुसाट उतरायला केली होती. गिअर काढून तिला एकाच चकतीला बांधणे म्हणजे परधर्मात ढकलणे, आणि त्याविषयी गीतेचे मत प्रसिद्ध आहे. याला एक तयार उत्तर दिले जाते, ते आधी बाजूला सारले पाहिजे: फिक्स्ड गिअर हेच सायकलचे आदिरूप, म्हणून हे मूळपदावर येणे आहे. इतिहास याला पुष्टी देतोही. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज गिअर बदलण्याच्या यंत्राचा इतका वैरी होता की ते यंत्र त्या शर्यतीत 1937 पर्यंत निषिद्ध होते. तोवर शर्यतपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे करून बसवत, कारण हबच्या दोन बाजूंना कमी-जास्त दात्यांच्या चकत्या असत. शर्यतपटू एडी मर्क्सने 25 ऑक्टोबर 1972 ला मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटर तोडले तेही फिक्स्ड गिअरवर. पण आपल्यासमोरची फ्रेम 1930 ची नाही आणि मर्क्सच्या त्या सायकलीसारखी ट्रॅकसाठीही केलेली नाही. जे रूप तिने कधी घेतलेच नव्हते त्याला तिचे मूळपद म्हणणे म्हणजे दुसऱ्याची वंशावळ आपल्या दारावर लावणे.

खरे उत्तर फ्रेमकडेच मागावे लागते. डिरेलर गेला की साखळीची ढिलाई ओढून धरणारे कुणी उरत नाही. ती ताणायला मागचे चाक पुढे-मागे सरकवता आले पाहिजे. त्या पिढीच्या बहुतेक फ्रेममध्ये मागचा आस बसतो ती खाच आडवी किंवा किंचित तिरकी असते, म्हणून हे जमते. नंतर उभ्या खाचा आल्या. तिथे फ्रेम सरळ नकार देते. पॅडलच्या आसाची उंची बघा. ट्रॅकच्या सायकलीत तो मुद्दाम उंच ठेवतात, कारण वळणावर सायकल कलती असतानाही पॅडल थांबवता येत नाही. रस्त्याच्या फ्रेममध्ये तो खाली असतो. तिला फिक्स्ड केले की जोरात घेतलेल्या वळणावर आतले पॅडल डांबराला टेकते आणि मागचे चाक उचलले जाते. म्हणून 170 ऐवजी 165 मिलिमीटरची क्रँक शोधावी लागते, वळणे जपून घ्यावी लागतात. मागच्या फाट्यातले अंतर बऱ्याचदा 126 मिलिमीटर असते आणि ट्रॅकचा हब 120 चा. तिथे एकतर फटीत वॉशर भरा, नाहीतर पोलाद हलक्या हाताने दाबून आणा. हे सगळे करणारा माणूस काय करतो आहे? तो ऐकतो आहे. वस्तू काही गोष्टींना हो म्हणते, काहींना नाही, काहींना अटी घालते. माझ्या मते वस्तूचे ‘तेपण’ म्हणतात ते इथे आहे: पुढच्या हाताला ती जी बंधने घालते त्यांत. धर्म या शब्दाचा जुना अर्थ, धरून ठेवणारा, मला इथे जास्त उपयोगी वाटतो. कॅटलॉगमध्ये छापलेला उपयोग म्हणजे धर्म नव्हे. म्हणून आडव्या खाचेत चाक सरकवून साखळी ताणणारा तिच्या धर्मात आहे; आणि नुसत्या साफसूफ दिसण्यासाठी डिरेलर अडकवायचा कान आणि वायरींच्या कड्या करवतीने उडवणारा, रंग कितीही मूळचा राखला तरी, तिचे तोंड बंद करतो आहे.

बौद्ध इथे हसतील. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात नागसेनाने रथाचे सुटे सुटे भाग पुढे करून विचारले होते, यातला रथ कोणता? दांडी नाही, आस नाही, चाके नाहीत. ‘रथ’ हे भागांच्या आधाराने केलेले नुसते नाव. मग सायकल तीच की दुसरी, ही चर्चा म्हणजे नावावरून भांडण. नैयायिकांनी या मताला न्यायसूत्रांतच उत्तर देऊन ठेवले आहे, आणि तेही हाताने करून बघता येईल असे: धारण आणि आकर्षण. एक भाग धरला तर सगळे धरले जाते, एक ओढला तर सगळे ओढले जाते. वाळूच्या ढिगाचे असे होत नाही. सायकल आडव्या नळीला धरून उचला, अख्खी येते. (फिक्स्ड गिअरवर बसलेल्याला तर हे सूत्र पोटऱ्यांनाच कळते, पाय थांबवू गेले की चाकच त्यांना ओढून नेते.) तरी या सूत्राने नागसेन पुरता गारद होत नाही. डिंकाने चिकटलेला ढीगही ओढला जाईल, असे तो म्हणू शकतो. मी त्याचे अर्धे मान्य करतो. नळ्यांच्या आत लपलेला ‘सायकल’ नावाचा कुणी पदार्थ नाही. पण नाव भागांच्या आधाराने ठेवले जाते म्हणजे ते मनाला येईल तसे ठेवता येते असे नव्हे. तो आधारच त्या नावाला वेसण घालतो.

ही वेसण किती बळकट आहे ते तत्त्वज्ञ हॉब्सच्या कोड्याने तपासता येते. ग्रीक कथेतल्या थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलली आणि काढलेल्या फळ्यांचे कुणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? तिथे आपण गोंधळतो, कारण सगळ्या फळ्या सारख्याच मानाच्या. इथे उतरवलेला डिरेलर, फ्रीव्हील, खटके, ब्रेक दुसऱ्या फ्रेमवर चढवले तर ‘माझी जुनी सायकल ती तिकडे गेली’ असे कुणी म्हणत नाही, भागांची संख्या तिकडे जास्त असली तरी. कारण ते भाग कुठल्याही फ्रेमशी जमवून घेतात; अटी घालते ती फ्रेम.

मात्र फ्रेमही अभंग नसते. आडवी नळी आतून गंजली तर कुशल कारागीर सांधा तापवून ती काढतो आणि नवी बसवतो. पुढल्या वर्षी उभी नळी, मग मागचा फाटा. असे करता करता सगळेच बदलले तर? माझ्या कसोटीचा कस इथे लागतो, आणि तिचे उत्तर नळ्या मोजून मिळत नाही. कारागीर नवी नळी उरलेल्या सांध्यांत लावून बघतो, टोक पुन्हा कानशीने घासतो, पुन्हा लावतो, कारण जुनी फ्रेम पन्नास वर्षांत एखादा मिलिमीटर वाकली आहे आणि ड्रॉइंगवरच्या मापाने कापलेली नळी तिच्यात बसत नाही. तो माप अजून तिच्याकडून घेतो आहे. ज्या दिवशी तो ड्रॉइंग पुढ्यात ओढून सगळे सांधे एकदम नव्याने कापेल, त्या दिवशी खाली ठोकलेला क्रमांक तोच असला तरी समोर दुसरी सायकल असेल.