मुखपृष्ठावरील तंबोरा

चित्राचा अर्थ करणाराच्या मनात असतो की पाहणाराच्या, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कलामीमांसकांच्या उपयोगाचा दिसतो. परंतु तो प्रत्येक घराच्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचतो, याचा प्रत्यय आम्हांस बुलढाणे जिल्ह्यातील देऊळघाट येथे आला. तेथे एका स्नेह्यांच्या घरी संगीतविषयक एका मासिकाचा जुना अंक पडला होता. मुखपृष्ठावर डोळे मिटून तंबोरा छेडीत बसलेल्या एका तरुणीचे छायाचित्र होते. घरातील आजीबाईंचा चुकून त्यास पाय लागला, तेव्हा त्यांनी अंक उचलून कपाळी लावला. त्यांना तेथे शारदा दिसली. एक निवृत्त शिक्षक हसून म्हणाले की, अंक खपावा म्हणून देखणा मुखडा छापण्याची ही युक्ती आहे. शेजारच्या वृद्ध मुसलमान गृहस्थांनी तरुणपणी पुष्कळ मैफली ऐकल्या होत्या. चित्र निरखून ते एवढेच बोलले की, हिचे बोट तारेला लागलेलेच नाही! शेवटी घरातील शाळकरी नात म्हणाली, “पण ही गाते कशी?” या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

चित्र एक आणि अर्थ तीन, असे का व्हावे? स्टुअर्ट हॉल या विचारवंताने १९७३ साली या कोड्याची एक उकल सुचविली. संदेश रचणारा त्यात एक अर्थ घालतो खरा. पण घेणारा कधी तो जसाच्या तसा स्वीकारतो, कधी आपल्या अनुभवाची मुरड घालून घेतो, तर कधी मुद्दाम उलट वाचतो. त्याच्याही पूर्वी, १९५७ साली, रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचे असेच वाचन केले होते. फ्रेंच गणवेशातील एक कृष्णवर्णी तरुण सलाम करीत आहे, एवढेच त्या चित्रात होते. परंतु त्या निरागस सलामातून साम्राज्याची थोरवी कशी गळी उतरविली जाते, हे बार्थने दाखवून दिले. तात्पर्य, मुखपृष्ठ मुके नसते आणि वाचकही कोरा नसतो.

येथवर आमची संमती आहे. पण जितके डोळे तितके अर्थ म्हटल्यावर सर्व अर्थ सारख्याच मोलाचे ठरतात काय? आमच्या मते नाही. आणि याचा पुरावा आपल्याच घरात आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस मुद्रणालय काढले, आणि त्याच्या देवतांची चित्रे घरोघरच्या भिंतींवर लागली. वीणाधारी सरस्वतीस आपण मनोभावे हात जोडले. मात्र तेच वाद्य शेजारच्या मुलीच्या हाती दिसताच आपल्या भुवया वर गेल्या. हिंदुस्थानातील कित्येक जुन्या तबकड्यांवर गाणाराच्या नावापुढे ‘अमॅच्युअर’ असा शब्द छापीत. ही व्यक्ती पेशाने गाणारी नव्हे, प्रतिष्ठित घरची आहे, अशी ती ग्वाहीच होती. बालगंधर्वांच्या स्त्रीवेषातील रूपावरून घरंदाज बायका नेसण्याची आणि दागिन्यांची तऱ्हा उचलीत. पण त्याच घरातील लेकीने रंगभूमीवर पाऊल टाकणे निंद्य मानले जाई. पुरुषाने धारण केलेले स्त्रीरूप चालत होते, देवीचे चालत होते. चालत नव्हती ती फक्त हाडामांसाची गाणारी स्त्री. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, आणि हावभावांवाचून, निव्वळ स्वरांच्या बळावर गाणे शिष्टसमाजात मान्य करून घेतले. लोकांचे डोळे निवळण्यासाठी त्यांना आपले आयुष्य वेचावे लागले.

म्हणून आम्ही म्हणतो की, अर्थ लावण्याच्या स्वातंत्र्यास एक नैतिक बाजू आहे. चित्रात देवी असेल तर आपल्या चुकीच्या वाचनाने तिचे काही बिघडत नाही. पण माणूस असेल तर आपल्या वाचनाची किंमत त्या माणसास मोजावी लागते. आता तर मुखपृष्ठे अंगठ्याएवढी होऊन मोबाइलच्या पडद्यावर आली आहेत, आणि निकाल देण्यास क्षणही पुरतो. अशा वेळी, आपण चित्र वाचीत आहोत की स्वतःसच, एवढे मनास विचारणे वाचकाचे किमान कर्तव्य होय.

देऊळघाटच्या त्या ओसरीवर खोटे कोणीच बोलले नव्हते. आजीबाईंनी आपली श्रद्धा वाचली, शिक्षकांनी आपला संशय आणि वृद्ध गृहस्थांनी आपला जाणकार कान. उठण्यापूर्वी आम्ही सहज अंक उघडला. आत त्या गायिकेचे नाव होते, तिच्या गायकीवर दोन पानांचा लेख होता. आणि ती पाने अद्याप कोणी फाडून सुटी केली नव्हती. आम्ही तो अंक नातीच्या हाती दिला.