मार्काला सोबत घेणारा

वाचन : प्रेषितांची कृत्ये 15:36-41, 2 तीमथ्य 4:9-11

परीक्षेचा निकाल लागला की पुढच्या रविवारी आपल्या मंडळ्यांतून पहिल्या वर्गात आलेल्या मुलांची नावे व्यासपीठावरून वाचली जातात. उपकारस्तुतीची दाने येतात, पेढे वाटले जातात. हे योग्यच आहे. पण त्याच उपासनेत 42 टक्के मिळालेला एक मुलगा शेवटच्या बाकावर बसतो, आशीर्वादाआधीच उठून जातो आणि मग काही आठवडे दिसत नाही. आई सांगते, ताप आहे. तो ताप कसला, हे आपणां सर्वांस ठाऊक असते.

मार्काचा वृत्तांत या मुलाच्या घरी बसून वाचावा. पहिल्या सुवार्ताफेरीत तो पंफुल्यातील पिर्गा येथून अर्ध्यावरच यरुशलेमेस परत गेला. का गेला, हे लूक सांगत नाही. आपणही तर्क करू नये. दुसऱ्या फेरीच्या वेळी पौलाने त्याला नेण्यास साफ नकार दिला. पौलाचे अगदीच चुकले असे आम्हांला वाटत नाही. काम कठीण होते, आणि एकदा साथ सोडणाऱ्याचा भरवसा काय? जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असताना कॉलेज जेव्हा गुणपत्रिका पाहून अर्ज बाजूला ठेवते, तेव्हा तेही दरवेळी अन्याय करीत नसते.

बर्णबाने काय केले पाहा. मार्क परत गेलाच नव्हता, असे तो म्हणाला नाही. तो त्याला घेऊन तारवात बसला आणि कुप्रास गेला, इतकेच. कोणी म्हणेल, त्याने नाते पाहिले. कलस्सै 4:10 प्रमाणे मार्क त्याचा भाऊबंदच होता. पण सर्व शिष्य शौलाला भीत होते तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेणारा हाच बर्णबा होता. ते पौल कदाचित त्या दिवशी विसरला असावा.

सोबत जाणे वेगळे आणि कागद बदलणे वेगळे. राज्यघटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे, म्हणून ख्रिस्ती कॉलेजच्या प्रवेशासाठी पाळकसाहेबांचा दाखला लागतो. मग वर्षभर न दिसलेली कुटुंबे दाराशी येतात. नियमित सभासद म्हणून लिहा, बाप्तिस्म्याची तारीख जरा मागची घाला! पाळकाने नाही म्हटले तर रुसवा धरतात. असा कागद हाती देऊन आपण त्या मुलास कोणते शिक्षण देतो? कमी गुण हे पाप नव्हे. खोटा दाखला हे पाप आहे. याच्या नेमके उलट समजणारी घरे आपल्यांत आहेत.

अर्जात 42 असेल तर 42 च लिहावे. नापास झालेल्यास पुरवणी परीक्षा आहे. दहावीनंतर आय.टी.आय. आहे, पदविका चांगल्या गुणांनी पूर्ण केली तर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. 1985 साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात बी.ए. साठी बारावी उत्तीर्ण असणे पुरते. (मुक्त विद्यापीठाचे नाव काढताच नाक मुरडणारे काका प्रत्येक मंडळीत एक तरी असतातच.) ज्याचे मराठी व्याकरण 1805 साली छापले गेले, तो विल्यम केरी स्वतः कोणत्याही कॉलेजात शिकला नव्हता. जोडे शिवता शिवता तो भाषा शिकला, आणि पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला. मात्र केरीचे नाव सांगून अभ्यास टाळणाऱ्यास हेही सांगावे, की त्या माणसाने जन्मभर पुस्तक खाली ठेवले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी बंदिवासातील पौल तीमथ्याला लिहितो, की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी माझ्या उपयोगाचा आहे. मधल्या वर्षांत मार्काने काय काय केले, ते फारसे लिहिलेले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आपल्या वर्गातून गेलेल्या अशा एका मुलाच्या किंवा मुलीच्या घरी या आठवड्यात जावे. टक्के विचारू नयेत. अर्ज भरायचा राहिला असेल तर शेवटची तारीख पाहून तो सोबत बसून भरावा, आणि फीची अडचण असल्यास गाजावाजा न करता पंचांस कळवावे.