वॉल्व्ह दाबून

उदगीरच्या एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात वाढलेली मुलगी नांदेडला एम.टेक. करत होती. प्रकल्प तिनं गावाकडचाच धरला: देवणी बैलाच्या हृदयाचे ठोके टिपणारा, गळ्यातल्या पट्ट्यात बसेल असा अ‍ॅम्प्लिफायर. तो एकाच सौर सेलवर चालला पाहिजे, हा तिचा हट्ट. रानात बॅटरी बदलत कोण फिरणार?

सिलिकॉनचा एक सेल उन्हात जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. तिच्या 180 नॅनोमीटरच्या चिपमधला ट्रान्झिस्टर मात्र गेटवर 0.45 व्होल्टच्या आसपास मिळाल्याशिवाय नीट सुरूच होत नाही. सिग्नल गेटवर दिला की होता नव्हता तो दाब ट्रान्झिस्टर सुरू करण्यातच खर्ची पडायचा. तिनं ट्रान्झिस्टर रुंद केले, आणखी रुंद केले. आलेख वाकडाच.

दिवाळीला ती घरी आली, तेव्हा दुकानात एक शेतकरी जळकी मोटार घेऊन उभा होता. कॉइल काळी पडली होती, वार्निशचा करपट वास सुटला होता.

“मिस्तरी, पुन्हा गेली बघा.”

“रात्री व्होल्टेज किती येतंय?” तिच्या अप्पांनी विचारलं.

“येतंय कुठं! बल्ब नुसता लाल दिसतोय.”

“मंग वॉल्व्ह थोडा दाबून चालवा. पाणी कमी येईल, भिजायला जास्त वेळ लागंल. पण लोड उतरतो, कॉइल राहते. कमी व्होल्टेजवर पूर्ण पाणी मागितलं की मोटार जास्त करंट ओढते अन् जळते.”

शेतकऱ्याला ते पटेना. त्याला पाणी पूर्णच हवं होतं. मुलगी मात्र ती कॉइल हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली.

नांदेडला परतल्यावर सरांनी तिच्यापुढे 1998 चा ब्लॅलॉक, अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांचा एक व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा निबंध ठेवला. ट्रान्झिस्टरला टोकं चार: गेट, सोर्स, ड्रेन आणि बल्क; त्यातलं बल्क हे चौथं टोक पुरवठ्याला किंवा ग्राउंडला बांधून सगळे मोकळे होतात. इथे त्यालाच सिग्नल दिला होता. तिनं पी-प्रकारचे ट्रान्झिस्टर निवडले, कारण साध्या चिपमध्ये त्यांना प्रत्येकी स्वतंत्र ‘वेल’, म्हणजे सिलिकॉनमधला वेगळा कप्पा, देता येतो. एन-प्रकारच्या सगळ्यांचं बल्क एकच असतं. गेट तिनं कायमचं ग्राउंडला जोडलं. वाट एकदाच उघडली, ती उघडीच राहिली. मग बल्कवरच्या बारीक चढउतारांनीही प्रवाह हलू लागला.

ही युक्ती फुकटची नव्हे. गेटच्या मानाने बल्कची पकड पाव ते तिसरा हिस्सा. गेन कमी, वेग कमी, नॉइज जास्त. वर्गातले म्हणाले, एवढ्याशा गेनचं काय करणार? ते तिच्या मनाला लागलं. तिनं दोन सेल ओळीने जोडले आणि पुरवठा एक व्होल्ट केला. इनपुट ग्राउंडच्या पातळीवर होतं, त्यामुळे सोर्स आणि बल्कमधलं जंक्शन डायोडसारखं वाहायला लागलं. सिग्नलच त्यात बुडाला. अर्ध्या व्होल्टवर हेच जंक्शन जवळजवळ बंद असतं; ज्या गरिबीची तिला लाज वाटत होती, तीच त्या चौथ्या टोकाला सांभाळून होती.

तिनं दुसरा सेल काढला. मग बैलाकडे पाहिलं. गुरांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला पन्नास ते ऐंशीच्या घरात पडतात. त्या लहरींचा जवळजवळ सगळा ऐवज शंभर हर्ट्झच्या आत. एवढ्याला घोड्याचा वेग लागतोच कशाला? बँडविड्थ तिनं स्वतःहून आणखी खाली आणली, तसा बाहेरचा नॉइजही गाळला गेला. गेनसाठी तसाच दुसरा टप्पा मागे जोडला.

परीक्षेत बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “याहून दहापट वेगवान अ‍ॅम्प्लिफायर बाजारात मिळतात.”

“मिळतात, सर,” ती म्हणाली, “पण त्यांना अर्धा व्होल्ट पुरत नाही. माझ्याजवळ तेवढाच आहे.”

प्राध्यापकांनी तक्ता बाजूला सारला आणि पट्टा बघायला मागितला.