न वाचलेल्या पत्रांचा परिग्रह

जीमेलमध्ये एखाद्या मेलिंग लिस्टवरचा मेल उघडावा, तीन ठिपक्यांवर टिचकी मारून ‘असे मेल फिल्टर करा’ म्हणावे, की चौकटींची एक यादी समोर येते. इनबॉक्समध्ये आणू नका, अमुक लेबल लावा, वाचल्याची खूण करा, पुसून टाका वगैरे. गर्दीला कंटाळलेला माणूस बहुधा पहिल्या दोन चौकटींत खूण करतो. फारच वैतागला असेल तर तिसरीतही. त्यानंतर त्या लिस्टवरचा प्रत्येक मेल त्याच्या नजरेला न पडता लेबलाखाली जाऊन बसतो, आणि तिसरी चौकट भरली असेल तर कोणीही न उघडलेल्या पत्रावर ‘वाचले’ अशी नोंद होते. सोय म्हणून याला नाव ठेवायला जागा नाही. पण आपल्याकडच्या विचारवंतांनी ज्या प्रश्नावर शतकानुशतके डोके शिणवले, तो इथेही उभा राहतोच: या माणसाने ती पत्रे सोडली, की ठेवून घेतली? माझे उत्तर असे, की ठेवून घेतली. वर सोडल्याचे समाधानही फुकटात पदरात पाडून घेतले.

आधी फिल्टरची बाजू पाहू, कारण ती खरोखर भक्कम आहे. माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडून ठेवले होते. रोज शे-दीडशे मेल येणाऱ्या माणसाने सगळ्यांकडे सारखेच पाहायचे ठरवले, तर विजेचे बिल आणि आजारी नातेवाइकाची खबर दोन्ही हातून निसटतील. शिवाय लिस्टच्या मेलांची वर्गवारी हा प्रकार तसा निरुपद्रवी आहे. अशा मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे आपल्याला एरवी न दिसणाऱ्या भागात, सहसा लिस्ट-आयडी नावाची एक ओळ असते. तिचे स्वरूप २००१ मध्ये ठरवले गेले. ही ओळ मजकुराच्या मोलाबद्दल काही बोलत नाही, पत्र कोणत्या मंडळातून आले एवढेच सांगते. न्यायशास्त्राच्या भाषेत म्हणायचे तर इथला हेतू निर्दोष आहे: ही ओळ आहे, म्हणून पत्र त्या लिस्टचे. स्पॅम ओळखणारा फिल्टर याहून वेगळा. तो कोणते शब्द किती वेळा येतात त्यावरून शक्यता मोजतो, आणि म्हणून चुकतोही. (पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये ज्याच्या सूत्रावर ही पद्धत लोकप्रिय केली, तो थॉमस बेज पेशाने पाद्री होता आणि त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. आपल्या गणिताने एक दिवस भोंदू जाहिराती अडवल्या जातील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.)

तेव्हा लेबल लावण्यात दोष नाही. दोष शिरतो तो लेबल लावून झाल्यावर. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले, तेव्हा त्याने १ जीबी जागा फुकट देऊ केली. हॉटमेल त्या काळी २ एमबी देत असे. आकडा इतका अवाच्या सवा होता की अनेकांना तो एप्रिल फूलचा प्रकार वाटला. २ एमबीच्या दिवसांत माणसाला अधूनमधून बसून ठरवावेच लागे, काय ठेवायचे आणि काय पुसायचे. काम कंटाळवाणे खरे, पण त्यात निर्णय होता. १ जीबीने त्या निर्णयाची गरजच काढून घेतली आणि त्याच्या जागी शोध, लेबल आणि अर्काइव्ह दिले. त्याग करण्याचे कारण संपले. त्यागासारखी दिसणारी कृती तेवढी उरली.

गीतेचा अठरावा अध्याय सुरू होतो तो अर्जुनाच्या याच शंकेने, की संन्यास कशाला म्हणायचे आणि त्याग कशाला. उत्तरात त्यागाचे तीन प्रकार येतात. विहित कर्म मोहाने टाकणे तो तामस. त्रास होतो म्हणून टाकणे तो राजस. कर्म करत राहून आसक्ती आणि फळ सोडणे तो सात्त्विक. राजस त्यागाबद्दल तिथे एक कडक गोष्ट सांगितली आहे: तो करणाऱ्याला त्यागाचे फळ मिळत नाही. फिल्टरच्या बाबतीत हे अगदी डोळ्यांनी दिसते. डाव्या रकान्यात लेबलाचे नाव ठळक अक्षरांत राहते आणि शेजारी न वाचलेल्या मेलांचा आकडा. तो दोन आकड्यांवरून तीनवर, तिनावरून चारवर जातो. इनबॉक्स हलका झाला, पण मन काही हलके झाले नाही. यावर कोणी म्हणेल, मेलिंग लिस्ट वाचणे हे कुठले विहित कर्म? ती स्वखुशीने घेतलेली गोष्ट, तिला गीतेचे माप कशाला? मान्य. पण मग पेच अधिकच सरळ होतो. ते कर्तव्य असेल तर कंटाळ्यापोटी टाळणे हा राजस त्याग; कर्तव्य नसेल तर आपले नाव त्या यादीत का आहे, याचे उत्तर द्यावे लागेल.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. परिग्रह म्हणावा असे इथे काय आहे? मजकुराला जागा किती लागते? धान्याची कोठारे भरून ठेवली तर शेजारी उपाशी राहतो. पत्रे साठवल्याने कोणाचे काय जाते? परिग्रहाचा विचार फक्त दुसऱ्याच्या वाट्यापुरता असता, तर हा आक्षेप बिनतोड होता. पण जैन आचार्यांनी तो तिथे थांबवला नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजल्या नाहीत; वस्तूबद्दलचे ममत्व, मूर्च्छा, हाच परिग्रह असे सांगितले. त्यामुळे कफल्लकही परिग्रही ठरू शकतो. गृहस्थाला सर्वस्व सोडा असे ते सांगत नाहीत. शेत, घर, सोने-चांदी, गुरे, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा आधीच ठरवून घ्या, एवढेच पाचवे अणुव्रत मागते. आधीच ठरवणे हा त्यातला कळीचा भाग आहे. शांत डोक्याने एकदा नियम करायचा आणि मोहाच्या क्षणी तो पाळायचा. फिल्टरही आधीच केलेला नियमच. पण व्रत घेणाऱ्याच्या हावेला लगाम घालते, फिल्टर हावेला हात न लावता फक्त तिचा पसारा नजरेआड करतो. घरातली अडगळ माळ्यावर टाकून घर आवरले म्हणणाऱ्याचे जे होते, तेच इथे होते. न वाचलेला मेल पुसवत नाही, कारण त्यात आपल्या एका होऊ घातलेल्या रूपाची आस गुंतलेली असते: सवड मिळाली की संस्कृत व्याकरण शिकणारा मी, पक्षी ओळखणारी मी. पत्रावर लोभ नाही. लोभ त्या माणसावर आहे.

मग ग्रंथालयाचे काय, असे कोणी विचारील. घरात न वाचलेली पुस्तके असणे हे तर सुसंस्कृतपणाचे लक्षण मानतो आपण. संदर्भ म्हणून ठेवलेले आणि वाचायचे म्हणून राहिलेले यांत फरक आहे, आणि तो ठेवणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. शब्दकोश न वाचल्याची रुखरुख कोणाला लागत नाही. ज्या लिस्टकडे आपण कोशासारखे पाहतो, जिथे अडले की शोधून काढतो, तिचे लेबल जरूर राहू द्यावे. शिवाय बऱ्याच अभ्यासू लिस्ट आपले जुने मेल स्वतःच जपून ठेवतात. तिथे जाऊन हवे ते शोधता येते, आपल्या पेटीत दुसरी प्रत साठवण्याची गरज नसते.

आतापर्यंतचा हिशेब घेणाऱ्याचा झाला. मला त्याहून गंभीर वाटतो तो लिहिणाऱ्याचा. लिस्टवर मेल टाकणारा एका मंडळाला उद्देशून बोलतो. सभासद तीनशे आहेत असे यादी सांगते, म्हणून तो संदर्भ तपासतो, शब्द जपून वापरतो, एखाद्या शंकेला रात्री जागून उत्तर लिहितो. त्यातल्या निम्म्यांनी फिल्टर लावलेला असेल, तर तो रिकाम्या खुर्च्यांशी बोलतो आहे आणि त्याला ते कळायला मार्ग नाही. गप्प बसून ऐकणारे प्रत्येक सभेत असतात, त्यांत वावगे काय, असे म्हणता येईल. काहीच वावगे नाही. गप्प श्रोता श्रोताच असतो. पण सभेच्या नोंदवहीत सही करून परत फिरलेला माणूस श्रोता नव्हे. त्यात ती वाचल्याची खूण आपोआप करणारी चौकट! नोंद आपल्याच पेटीत राहते, इतर कोणाला दिसत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही असे नाही. सत्य हे व्रत साक्षीदार असताना पाळायचे असे कुणी सांगितलेले नाही.

निघून जाणे अवघड असते तर गोष्ट वेगळी होती. लिस्ट सोडण्याचा पत्ता हेडरमध्येच देण्याची सोय १९९८ पासून आहे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक जाहिरात-मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत अनसबस्क्राइबची सोय देणे सक्तीचे केले आहे. दुकानांच्या आणि विमान कंपन्यांच्या मेलांना तर फिल्टरही लावू नये, सरळ नाव काढावे. त्यात विचार करण्यासारखे काही नाही. राहतात ती मंडळे, ज्यांच्याशी नाते तोडवत नाही पण रोजचे बोलणे ऐकायला सवड नाही. त्यांच्यासाठी मेलिंग लिस्ट चालवणाऱ्यांनीच फार पूर्वी वाट करून ठेवली आहे. दिवसभराचे मेल एकत्र बांधून पाठवणारे डायजेस्ट आहे. तेही नको असेल तर १९८६ मध्ये एरिक टॉमस यांनी लिहिलेल्या लिस्टसर्व्ह या प्रणालीच्या लिस्टवर ‘सेट’, मग लिस्टचे नाव आणि ‘नोमेल’ एवढी आज्ञा पाठवायची. मेलमॅन या दुसऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या लिस्टमध्ये हीच सोय सभासदाच्या पानावर असते. सभासदत्व राहते, सवड झाली की जुने मेल तिथे जाऊन वाचता येतात, आणि आपल्याला मेल जात नाहीत हे लिस्ट सांभाळणाऱ्याला यादीत दिसते.