एक पट, एक ढाक

काल रात्री भाचा उशिरापर्यंत कॉम्प्युटरपुढं बसला होता. सुट्टीला कोल्हापूरला आला की तो माझ्याच खोलीत झोपतो, त्यामुळं त्याचा खेळ आता मलाही कळायला लागलाय. 'डायब्लो २' नावाचा खेळ. २००० साली निघालेला, म्हणजे त्याच्याहून वयानं मोठा. पण पोरं अजून तो ऑनलाइन, चार दोस्तांना घेऊन खेळतात. भाच्यानं जादूगारीण घेतलीय. तिच्याकडं आगीच्या, थंडीच्या आणि विजेच्या अशा तीन फांद्या, प्रत्येक फांदीवर दहा स्किल. पातळी वाढली की एक पॉइंट मिळतो, तो कुठल्या स्किलवर घालायचा हे खेळणाऱ्यानं ठरवायचं.

काल त्याची जादूगारीण एकाच गुहेत सात वेळा मेली. आठव्यांदा त्यानं खेळ थांबवला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "मामा, मी तर सगळं थोडं थोडं घेतलंय. कधी काय लागेल सांगता येतं का?"

त्याचा पडदा बघितला. चाळीसेक पॉइंट चौदा स्किलांवर वाटलेले. आगीचा गोळा आहे, विजेची साखळी आहे, बर्फाचा खिळा आहे, अंगाभोवती कवच आहे. खाली बटणांची रांगच रांग. आणि राक्षस अंगावर आले की त्या रांगेतलं नेमकं कुठलं दाबायचं या विचारात ती मरते.

झोप आली नाही. पहाटे उठून गच्चीत बसलो तेव्हा डोक्यात तालमीतला हौदा होता.

माझ्या लहानपणी आमच्या तालमीत पहाटे चारला दिवा लागायचा. हौद्यातली तांबडी माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात काव, ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं असायचं, आणि तो वास आजही कुठं आला तर माझी पावलं थबकतात. नव्या पोराला पहिले काही महिने डाव नसायचाच. खोऱ्यानं हौदा उकरायचा, जोर मारायचे, बैठका मारायच्या, मोठ्या मल्लांच्या अंगाला माती लावायची. आम्हाला वाटायचं, वस्तादांचं आपल्याकडं लक्ष नाही. खरं तर तेव्हाच त्यांचं सगळं लक्ष आमच्याकडं असायचं. आमच्या बारक्या पोरांची खडाखडी ते कोपऱ्यात बसून बघत. कुणाचा कुठला पाय पुढं पडतो, कुणाचा हात आधी मानेवर जातो, कुणाचा मनगटावर. आणि मुख्य म्हणजे, घाबरल्यावर पोरगं कुठं जातं ते बघत. काही पोरं मागं सरकतात. काही डोळे मिटून पुढं घुसतात. काही जागच्या जागी ताठ होतात.

तीनेक महिन्यांनी त्यांनी माझ्याकडं बोट करून थोरल्या पैलवानाला सांगितलं, "ह्यो घाबरला की म्होरं येतोय. ह्याला पट द्या."

एवढीच माझी निवड. पट म्हणजे समोरच्याच्या पायात शिरून पाय काढायचा. त्या क्षणी मी खट्टू झालो होतो, कारण मला ढाक हवी होती. खाशाबा जाधवांची ढाक! मान कवेत घेऊन गडी आडवा फेकायचा, बघणाऱ्याच्या डोळ्याचं पारणं फिटतं. पण वस्तादांनी जे ओळखलं होतं ते मला कळायला वर्षं गेली. दम टिकून असताना माणसाला दहा डाव येतात. दम तुटला, डोळ्यांत घाम उतरला, कानात रक्ताचे ठोके वाजायला लागले की दहातले आठ विसरतात. उरतात ते अंगाच्या मूळ ओढीशी जुळलेले एक-दोन. नवख्यानं डाव निवडताना त्या क्षणाचा विचार करायचा असतो. मी भीतीत पुढं जाणारा, म्हणून माझ्या भीतीलाच त्यांनी कामाला लावलं होतं.

भाच्याच्या चौदा बटणांचं दुखणं तेच आहे. आठव्या राक्षसानं घेरल्यावर त्याला त्यातली दोनच आठवतात, आणि ती दोन त्यानं एकेक पॉइंट घालून कच्ची ठेवलेली असतात.

ढाक मला मिळाली, पण दुसऱ्या वर्षी, आणि पटाची जोडीण म्हणून. तेव्हा या दोन डावांचं नातं कळलं. मी पायाकडं झेपावलो की समोरचा कंबर मागं घेतो, डोकं खाली करतो. डोकं खाली आलं की मान माझ्या हातात येते, ढाक तयार. दोनदा ढाकेचा धाक बसला की तो मान वाचवायला सरळ उभा राहतो. सरळ उभा राहिला की पाय मोकळे, पट तयार. त्याला कुठल्या तरी एका बाजूनं चुकावंच लागतं. वेगवेगळे सहा डाव येणाऱ्या पोरापेक्षा हे दोन येणारा पोरगा अवघड, हे मी माझ्या अंगानं अनुभवलंय.

गंमत म्हणजे या संगणकातल्या खेळानंही ते मान्य केलं. २००३ साली त्यात मोठी सुधारणा झाली आणि स्किलं एकमेकांना बळ द्यायला लागली. बर्फाचं वादळ चोविसाव्या पातळीवर मिळतं. पण पहिल्याच पातळीवर मिळणाऱ्या बर्फाच्या साध्या बाणात पॉइंट घातले की वादळाची धार वाढते. पुढं तो बाण कुणी मारत नाही. नवख्याला तो वाया गेलेला पॉइंट वाटतो. आम्हालाही पहाटेचे जोर तसेच वाटायचे. कुस्तीत कोण जोर मारतं?

एकशे दहा पॉइंट मिळतात साऱ्या खेळात, तेही नव्व्याण्णवाव्या पातळीला पोचलात आणि वाटेतली सगळी कामं केलीत तर. एका स्किलवर जास्तीत जास्त वीस. म्हणजे पुरी पाच स्किलं पक्की होतात आणि दहा पॉइंट उरतात. हे गणित भाच्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या उरलेल्या दहांनाही अर्थ आहे. काही स्किलांना एकच पॉइंट पुरतो, जसं एका ठिकाणाहून दुसरीकडं क्षणात निसटायचं टेलिपोर्ट. तालमीत मनगट सोडवून घ्यायला प्रत्येकाला यायलाच हवं, पण त्यापायी कुणी वर्षं घालवत नाही. कशाला खोली द्यायची आणि कशाला नुसता स्पर्श पुरे, हे ओळखणं मला डाव शिकण्याइतकंच मोलाचं वाटतं.

आणि तोड. आमच्या तालमीत डाव शिकवला त्याच दिवशी त्याची तोड शिकवत. सकाळी मी पट काढायचा, सायंकाळी जोडीदार माझ्यावर काढणार आणि मी तोडायचा. आपल्या डावाचं मरण कशात आहे हे ज्याला माहीत नाही त्याला तो डाव आलाच नाही, असं वस्ताद मानत. भाच्याच्या खेळात शेवटच्या, सर्वांत कठीण पातळीवर असे राक्षस भेटतात की ज्यांना थंडी बाधतच नाही. नुसत्या बर्फावर बसलेली जादूगारीण त्यांच्यापुढं निकामी. तेव्हा दुसरा मार्ग हवाच. पण दुसरा म्हणजे एक, चौदावा नव्हे.

मी स्वतः हे शिकलो ते एका जत्रेत. सोळा वर्षांचा होतो. त्याच्या महिनाभर आधी खासबागेत एका मोठ्या मल्लाचा कलाजंग बघितला होता. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ साली पुरं झालेलं ते मैदान, भोवती चढत गेलेली माणसांची भिंत, आणि मधोमध तो गडी समोरच्याच्या खाली शिरून त्याला खांद्यावर आडवा उचलतो आणि पाठीवर टाकतो. हजारो माणसं एका श्वासात उठली. त्या आवाजानं मला पछाडलं. तालमीत कुणी नसताना मी कलाजंग करून बघायला लागलो. वस्तादांना सांगितलं नाही.

जत्रेतली कुस्ती पन्नास रुपयांची होती. वडील कडेला उभे होते. समोरच्याचा पाय मला दोनदा मोकळा दिसला, पट लागला असता. पण मला तो आवाज हवा होता. मी खाली शिरलो, त्याला खांद्यावर घेतलं, आणि मांड्यांत त्याचं वजन उचलायची ताकदच नव्हती. तो माझ्यावर कोसळला. आधी पाठ, मग दोन्ही खांदे. खांद्याचं दुखणं महिनाभर राहिलं. वडील बैलगाडीत काही बोलले नाहीत. वस्तादांनी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "पट का न्हाई काढलास?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्याला शोभलेला डाव मी त्याच्या टाळ्यांसाठी घेतला होता, हे कबूल करायला लाज वाटली.

आज पोरांपुढं त्या टाळ्या चोवीस तास आहेत. नामांकित खेळाडूंची तयार मांडणी इंटरनेटवर मिळते, पोरं त्याला बिल्ड म्हणतात. अमुक स्किलवर वीस, तमुकवर वीस. भाच्यानं आधी तसंच एक उचललं होतं, चाललं नाही, म्हणून मग तो सगळ्यावर थोडं थोडं घालायला लागला. ती मांडणी चुकीची नव्हती. ती ज्याची होती त्याच्या अंगावर खेळातली दुर्मीळ चिलखतं नि अंगठ्या होत्या. साठ किलोच्या पोरानं हिंदकेसरीचा खुराक सुरू केला तर बदाम-तूप पोटातच बसतं, अंगाला लागत नाही. खुराक मेहनतीच्या मागून वाढवायचा असतो.

अंगकाठीवरून डाव ठरतो असंही सरसकट म्हणता येत नाही, हे खाशाबांकडं बघून कळतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. उंची बेताची. ढाकेला लांब हात, उंच खांदा बरा असं कुणीही म्हणेल, पण ढाक त्यांच्याच नावाशी जोडली गेली. १९४८ साली ते लंडनला गेले तेव्हा त्यांची सारी कुस्ती मातीतली होती. मॅट हा वेगळाच खेळ. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. मातीत कुस्ती चितपट होईपर्यंत लढायची, मॅटवर गुण मोजतात, घड्याळ चालतं. तिथं अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडं त्यांनी सराव केला आणि फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी, २३ जुलै १९५२ ला, हेलसिंकीत बँटमवेट गटाचं कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पायाखालची जमीन बदलली, नियम बदलले, वजनगट बदलला. मला खात्री आहे, नव्यानं शिकायचं ते खाशाबा शिकले, पण ते जुन्या, मुरलेल्या कुस्तीवर चढवून. कमी पण पुरतं मुरलेलं असलं की ते दुसऱ्या मातीतही उगवतं. उथळ पसरलेलं जागा बदलली की तिथंच राहतं.

आज सकाळी चहाच्या वेळी भाच्याला विचारलं, हे पॉइंट परत काढता येतात का? म्हणाला, येतात. खेळ निघाला तेव्हा येत नव्हते, एकदा घातला तो घातला. २०१० पासून पहिल्या अंकातलं पहिलं काम पुरं केलं की एकदा सगळे परत मिळतात, काठिण्याच्या प्रत्येक पातळीवर एकदा. त्याच्याकडं ती संधी शिल्लक होती. "वाया जाईल म्हणून वापरली नाही," म्हणाला. नवख्याची ही भीती मला ठाऊक आहे. चुकेल म्हणून निवडायचंच नाही, म्हणून सगळं हाताशी ठेवायचं, म्हणून काहीच पक्कं होत नाही.

मी त्याला डाव सांगितला नाही. एवढंच विचारलं, "राक्षस अंगावर आला, घाबरलास, की तू काय करतोस?"

तो विचार करत बसला. चहा निवला. मग म्हणाला, "मागं पळतो. लांब जाऊन मारतो."

"मग तसं घे."

दुपारभर त्यानं वहीत आकडे मांडले. बर्फाचा बाण, बर्फाचा खिळा, बर्फाचं वादळ. टेलिपोर्टला एक. आगीचा एक गोळा पुढच्यासाठी, थंडी न बाधणाऱ्यांसाठी, पण तो अजून नाही, आधी वादळ. संध्याकाळी सगळे पॉइंट परत काढले आणि नव्यानं घातले. त्याच गुहेत गेला. पहिल्यांदा मेला. दुसऱ्यांदा मेला, पण लांबवर जाऊन, निम्मे राक्षस मारून.

तिसऱ्यांदा दार उघडायच्या आधी थांबला आणि मला विचारलं, "मामा, तुमचा तो कलाजंग पुढं कधी लागला का?"

लागला. जत्रेनंतर दोन वर्षांनी. तालमीत, पहाटे, रोजच्या जोडीदारावर. मी पट काढायला गेलो, त्यानं तोडला, आणि मी त्याच्याखाली होतोच. उचलला गेला. हौद्यात आम्ही दोघंच होतो आणि कोपऱ्यात वस्ताद. ते म्हणाले, "आता घे तो."