जामीनदाराची क्षमा

येरवड्याला राहतो म्हटलं की पुण्यातला माणूस आधी आपल्या मनगटांकडे बघतो आणि मग डोळ्यांकडे. त्याच्या लेखी आमच्या भागात दोनच पत्ते असतात. एक १८७१ सालचं मध्यवर्ती कारागृह आणि दुसरा मनोरुग्णालय. या दोहोंच्या मध्ये कुणी हप्त्यावर फ्लॅट घेऊन राजीखुशीनं राहत असेल, हे त्याला पटतच नाही.

त्यातून मी बँकेत कारकून आणि धर्मानं ख्रिस्ती. म्हणजे आठवडाभर दिलेलं वसूल करायचं आणि रविवारी उपासनेला बसून दिलेलं सोडून द्यायचं. ख्रिस्ती माणसानं क्षमा केलीच पाहिजे, हा सिद्धान्त आमच्यापेक्षा इतरांनाच जास्त पाठ असतो. बसमध्ये माझ्या पायावर पाय देणारा परिचित 'सॉरी' म्हणायच्या ऐवजी मोठ्या आशेनं माझ्या दुसऱ्या पायाकडे बघतो.

असाच एक परिचित. त्यानं एका पतसंस्थेतून कर्ज काढलं, जामीनदार म्हणून सही माझी. पहिले चार हप्ते त्यानं वेळेवर भरले, मग हडपसरला बिऱ्हाड हलवलं आणि फोन उचलणं बंद केलं. उरलेले छत्तीस हप्ते माझ्या पगारातून. आमच्या येरवड्यात जामीन मिळाला की माणूस सुटतो. पतसंस्थेत जामीन राहिला की माणूस अडकतो. बायबलात इब्री लोकांस पत्रात येशूला चक्क 'जामीन' म्हटलं आहे. ते वाचून पूर्वी मला नुसती भक्ती वाटायची, आता सहानुभूतीही वाटते.

क्षमेवरचा आमचा मुख्य दाखला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला. गंमत म्हणजे तो कर्जाचाच आहे. एका चाकराकडे राजाचं दहा हजार टॅलेंट येणं असतं. राजा ते सगळं सोडतो. बाहेर पडल्यावर तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मी कॉमर्सचा माणूस. उपासना चालू असताना पत्रिकेच्या पाठीमागे हिशेब केला. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे राजाचं येणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं! वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी फेडायला दोन लाख वर्षं लागणार. एवढं कर्ज कुठल्या शाखेनं मंजूर केलं, याची चौकशी व्हायला हवी होती.

पण मला बोचतात ते शंभर दिनार. दोन लाख वर्षांपुढे ते किरकोळच दिसतात. घरात बसून मोजले तर मात्र ती तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी होते. सोबत्याकडचं येणं चार आण्यांचं नव्हतं. त्या चाकराच्या घरीही बायको असणार, आणि मुलीच्या क्लासची फी भरायची असणार. शंभर दिनार सोडणं सोपं आहे, असं त्या दाखल्यात कुठंही म्हटलेलं नाही.

बँकेत कर्ज 'राइट ऑफ' करतात, ते लोकांना माफीसारखं वाटतं. तसं ते नसतं. ताळेबंदातून रक्कम काढली तरी वसुली चालूच असते. आपल्यापैकी बहुतेकांची क्षमा ही अशी असते. "जाऊ दे, मी केव्हाच विसरलो," म्हणणारा माणूस तारीखवार सगळं सांगतो.

आणि विसरणं म्हणजे तरी क्षमा का? आमच्या नगरकडच्या लक्ष्मीबाई टिळक बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बायकोला विश्वासात न घेता मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात बाईनं यानंतर जगायचं कसं? जवळजवळ पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग आपलं सोवळं सांभाळत नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. म्हणजे नवऱ्याला पदरात घेतलं ते आधी, धर्म नंतर. टिळक १९१९ साली गेले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून छापून आली. त्यात टिळकांचा संताप, उधळेपणा, विक्षिप्तपणा, एकही नोंद गाळलेली नाही. फक्त कुठल्याही नोंदीवर व्याज लावलेलं नाही.

मला हे उशिरा उमगलं, तेही पगाराच्या चिठ्ठीमुळे. त्या गृहस्थाला मी एका रविवारी मनापासून क्षमा केली होती, डोळ्यांत पाणी वगैरे येऊन. महिनाअखेरीला चिठ्ठीत कापलेला हप्ता दिसला आणि ती क्षमा पार आटली. पुन्हा करावी लागली. पुढच्या महिन्यात पुन्हा. पेत्रानं विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर मिळालं, सातांच्या सत्तर वेळा. मी समजत होतो, हा चारशे नव्वद अपराधांचा हिशेब आहे. अपराध एकच असला तरी तेवढे हप्ते पडू शकतात.

माझे हप्ते पैशांचे. ग्रॅहॅम स्टेन्स ओरिसात बारीपदा इथे कुष्ठरोग्यांसाठी काम करायचे. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी ते आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले असताना जमावानं गाडी पेटवली. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि पुढे काही वर्षं तिथेच राहून रुग्णांचं काम चालवलं. खटला मात्र चालू राहिला. मुख्य आरोपीला २००३ साली फाशी, २००५ साली उच्च न्यायालयात जन्मठेप, २०११ साली सर्वोच्च न्यायालयात तीच कायम. प्रत्येक निकालाला ती रात्र पुन्हा वर्तमानपत्रात. त्या बाईंना कितीदा क्षमा करावी लागली असेल, हे मोजायला बँकेची वही पुरणार नाही. क्षमा त्यांची होती, शिक्षा कायद्याची. त्यांनी दोन्ही खाती वेगळी ठेवली.

आमच्याकडे बाविसावा हप्ता चालू आहे. गेल्या रविवारी ते गृहस्थ हडपसरहून आले. थोडे वाळलेत. हिनं पोहे केले, मी मुलांची चौकशी केली, आणि खरं सांगतो, राग शोधूनही सापडला नाही. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. मुलाच्या शिक्षणासाठी छोटंसं कर्ज, जामीनदाराची जागा रिकामी.

"तुमच्या धर्मात क्षमेला फार महत्त्व, नाही?" ते म्हणाले.

"फार," मी म्हणालो, आणि त्यांना आणखी एक कप चहा ओतला. खिशातलं पेन ही आधीच आत घेऊन गेली होती.